कुंपणावरच्या पांढऱ्या

आषाढ लागला की माझी नजर भाजीवालीच्या टोपलीत वाघाटे शोधत फिरते. शहरात येऊन चाळीस वर्षं झाली तरी ही खोड गेलेली नाही. वाघाट्याची भाजी वर्षातून एकदाच खायची, आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, बारस सोडताना. फळ लिंबाएवढं, हिरवं, टणक. ते चिरायचं, बिया काढून टाकायच्या, मिठाच्या पाण्यात उकळायचं, पिळायचं, मग गूळ आणि दाण्याचं कूट घालून परतायचं. इतके लाड करूनही कडू ते कडूच. आमच्या घरात ही भाजी कुणालाही आवडत नाही आणि कुणीही ती चुकवत नाही.

उस्मानपुऱ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी कौसाबाई भाजी घेऊन बसते. ती खुलताबादच्या डोंगराकडची. तिच्या घरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या शेरडामेंढरांमागं हिंडलेली. त्यामुळे कुठल्या ओघळीला काय उगवतं ते तिला तोंडपाठ. यंदा तिला वाघाटे विचारले तर तिनं हातच हलवला.

"कुठली वाघाटं, काका? लई हिंडले. समदे बांध सपाट करून टाकले लोकांनी. जेसीबी फिरला की काय ऱ्हातंय? वाघाटी नाय, बोरी नाय. शेरडाला तोंड घालायला काटा नाय ऱ्हायला."

"लोकांना काय कळतंय," मी म्हणालो आणि मेथीची जुडी उचलली. त्या लोकांत मीही एक होतो, हे तिला सांगायचं धाडस मला झालं नाही.

खरं म्हणजे यंदा वाघाटे विकत घ्यायची मला गरजही नव्हती. माझ्या घराच्या मागच्या भिंतीवर वाघाटीचा वेल आहे. तो कुणी लावला नाही. सहा वर्षांपूर्वी शोभानं, म्हणजे माझ्या बायकोनं, वाघाट्याच्या बिया खिडकीतून मागच्या अंगणात फेकल्या. त्यातली एक रुजली. काटेरी वेल, कापडाला धरला की सोडत नाही. दोन वर्षं तो गुडघ्याएवढाच होता, मग भिंत चढला, गज चढला, गच्चीच्या पाइपावर गेला. यंदा त्याला पहिल्यांदा फळं धरली. सात.

शोभा ती बघायला इथं नाही. लेकीला बाळ झालं तेव्हा तीन महिन्यांसाठी म्हणून ती पुण्याला गेली, त्याला आता दीड वर्ष झालं. भांडण नाही, तंटा नाही. नातू दिवसेंदिवस गोड होत चालला आहे, एवढंच कारण. रोज संध्याकाळी फोनवर तोंड दिसतं. नातू मला 'आबा' म्हणतो आणि लगेच लाल बटण दाबतो. मग घर पुन्हा गप्प होतं, आणि मी एका माणसाच्या भाताला किती पाणी घालायचं याचा विचार करत उभा राहतो.

अशा घरात जी पहिली हालचाल दिसेल तिच्याकडे माणूस बघत बसतो. ज्येष्ठाच्या मध्यावर एका उघडिपीच्या सकाळी वेलावर एक पांढरी पाकोळी आली.

पंख पांढरे, त्यांच्या टोकांना काजळ लावल्यासारखा काळा काठ, आणि पंख मिटले की खालच्या बाजूला काळ्या शिरांची जाळी, शिरांमधून किंचित पिवळसर. फुलपाखरांच्या पुस्तकात हिला 'गौरांग' म्हणतात. आमच्या गावी, पिशोरला, नुसतं 'पांढऱ्या' म्हणायचे. 'पांढऱ्या आल्या' म्हटलं की काय आलं हे शेंबड्या पोरालाही समजायचं. ही पाकोळी फुलावर कमी आणि पानावर जास्त रेंगाळते. पानावर बसते आणि पुढच्या पायांनी त्यावर टकटक करते. मला आधी वाटलं, हिचा तोल जातोय. मग वाचलं की ती पायानं पान चाखते. वाघाटी किंवा तिच्या गोतावळ्यातलंच झाड असलं पाहिजे, दुसऱ्या पानावर तिची लेकरं जगत नाहीत. माझ्या वेलाशेजारी जास्वंद आहे, मोगरा आहे, शोभाची तुळस आहे. ती सगळ्यांवरून गेली, एकेकाला पाय लावून बघितला आणि शेवटी वाघाटीच्या कोवळ्या पानामागे अंडी ठेवून गेली. बारीक, पिवळसर, उभी अंडी, एकाला एक लागून. भिंग आणून मी मोजली. अठ्ठावीस भरली.

मोजणं हा माझा धंदा होता. मी भूकरमापक, लोकांच्या भाषेत मोजणीवाला. आधी साखळीनं मोजलं, मग फितीनं, आणि निवृत्तीच्या आधी उपग्रहाशी बोलणाऱ्या काठीनं. तालुक्यातले किती तरी सख्खे भाऊ मी बांधाच्या दोन बाजूंना उभे केलेले पाहिलेत. मी मधोमध खुणेचा दगड दाखवायचो आणि म्हणायचो, हद्द ही हद्द असते, ती कुणाची भाऊ नसते. हे वाक्य मला फार आवडायचं. लोकही माना डोलवायचे. आता ते आठवलं की माझं मलाच ओशाळायला होतं.

अंड्यांतून चार-पाच दिवसांत अळ्या निघाल्या. या अळ्यांची एक गंमत आहे. त्या एकेकट्या खात नाहीत. एका पानाच्या कडेला ओळीनं बसतात, अंगाला अंग लावून, आणि सगळ्या मिळून पान संपवतात. ते संपलं की सगळ्या मिळून दुसऱ्या पानावर. एखादी मागे राहिली तर ती डोकं उचलून इकडे तिकडे हलवत राहते. मी आणि दादा, माझा थोरला भाऊ, लहानपणी एका गोधडीत झोपायचो. पावसाळ्यात घर गळायला लागलं की गोधडी कोरड्या जागी ओढायची, आम्हीही तिच्यासोबत सरकायचो. सकाळी जाग यायची तेव्हा दादाचं ढोपर माझ्या पोटात असायचं. मी रोज तक्रार करायचो. पुढे शिकायला शहरात आलो, तेव्हा पहिले कितीतरी दिवस पोटात ढोपर नाही म्हणून मला झोप लागायची नाही.

अळ्या अशा आणि पंख फुटले की मात्र प्रत्येकीचा मार्ग वेगळा. संध्याकाळी उन्हं उतरली की पांढरी एखादं पान बघते, त्याच्या खालच्या अंगाला लोंबते आणि पंख मिटून घेते. एका पानाखाली एक. सकाळी अंगावर ऊन आल्याशिवाय हलत नाही. ढगाळ दिवस असला तर दहा वाजले तरी तशीच. मी चहाचा कप घेऊन तिच्यासमोर बसतो. दोघंही कुणी उठवायला येईल याची वाट बघत असतो, असं आपलं मला वाटतं.

आषाढ लागेपर्यंत अळ्या करंगळीच्या पेराएवढ्या झाल्या आणि वेल विरळ दिसायला लागला. फळं अजून पुरती भरायची होती. पानंच गेली तर फळं भरतील कशी, या धास्तीनं मी बियाणाच्या दुकानात गेलो. दुकानदार हसतच म्हणाला, "काका, एक ढक्कन मारो बाल्टी में, सुबह तक सब साफ." बाटली घेऊन आलो, बादलीत पाणी भरलं, झाकण उघडलं. तो उग्र वास नाकात गेला आणि हात थांबला. 'सब साफ' हे दोन शब्द मी याआधी एकदा ऐकले होते. सहा वर्षांपूर्वीच्या आषाढात, पिशोरला, आमच्याच शेतात. जेसीबीवाल्यानं इंजिन बंद करून मला हेच सांगितलं होतं.

त्या आषाढाबद्दल मी फारसं कुणाशी बोललेलो नाही.

वडिलांनी आमची वाटणी तोंडीच केली होती. शेताच्या मधोमध वाघाटीचं कुंपण होतं. जुन्या बोरी-बाभळींवर वेल चढून चढून हत्तीएवढं झालेलं, आत ससे, होले, मुंगसं. वडील म्हणाले, "कुंपणाच्या अल्याड थोरल्याचं, पल्याड धाकट्याचं." झालं. कागदावरही पुढे निम्मं निम्मं चढलं. माझा हिस्सा दादाच पेरायचा, पोती घरपोच यायची. आणि आषाढात एकादशीच्या आदल्या दिवशी पिशोरच्या गाडीनं वहिनी, म्हणजे दादाची बायको, वाघाट्याची पिशवी पाठवायची. ड्रायव्हरच्या पायाशी ठेवलेली, तोंड सुतळीनं बांधलेलं. मी स्टँडवर जाऊन ती घ्यायचो. एक वर्षही तिनं चुकवलं नाही.

निवृत्त झालो आणि हाताला चाळा उरला नाही. एका रविवारी फीत घेऊन आपलंच शेत मोजलं. कुंपण मधल्या टप्प्यात माझ्या बाजूला दीड हात आत आलेलं निघालं. वाकडं होतं, पोट सुटल्यासारखं. देवाशप्पथ सांगतो, मला जमीन नको होती. मला रेघ सरळ हवी होती. जन्मभर लोकांच्या रेघा सरळ केल्या आणि आपल्याच शेतात वाकडी, हे मला बघवेना.

दादाला सांगितलं. तो विळ्याला धार लावत होता. वर न बघता म्हणाला, "तू मोजणीतला माणूस. तुला जसं दिसंन तसं कर."

मी ते होकारासारखं ऐकलं. सोयीचं ते माणसाला बरोबर ऐकू येतं.

जेसीबीला अर्धा दिवससुद्धा लागला नाही. वहिनी न्याहारी घेऊन आली होती, ती डोक्यावरची पाटी न उतरवता बघत उभी राहिली. सब साफ झाल्यावर ती उपटलेल्या ढिगाऱ्यापाशी गेली, काटे बाजूला करून उरलेली वाघाटी वेचली, ओचा भरला. मी म्हणालो, "वहिनी, हातात काटे जातील."

"जाऊ द्या, भावजी," ती म्हणाली. "बारस हाय परवाच्याला."

त्यातलीच अर्धी तिनं मला पिशवीत बांधून दिली, ती मी दुसऱ्या दिवशी गाडीनं शोभाकडे पाठवली.

मी आणखी चार दिवस राहिलो, दगड रोवायला. खुणेचे दगड, चुन्यानं पांढरे केलेले, एका ओळीत. दोरी लावून बघितलं, केसाचा फरक नाही. आणि तिसऱ्या दिवशी ऊन पडलं तसं पांढऱ्या आल्या. त्यांचा पूर्वापार रस्ता कुंपणाच्या कडेनं होता. जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवरून, कुंपणाच्या प्रत्येक वळणाबरोबर वळत त्या जायच्या. त्या दिवशीही त्या तशाच आल्या. कुंपण नव्हतं, ओली काळी माती होती, आणि त्या तिच्यावरून तशाच वळत, वाकडं घेत चालल्या होत्या. जिथं कुंपणाचं पोट होतं तिथं त्यांनीही पोट घेतलं. मग एक खाली उतरली आणि माझ्या पांढऱ्या दगडावर बसली. पुढच्या पायांनी तिनं टकटक केलं. थांबली. पुन्हा केलं. उडाली, दुसऱ्या दगडावर गेली. अशी ती सगळ्या दगडांवर बसत गेली. मी हातात दोरी धरून उभा होतो.

दादा विहिरीजवळून बघत होता. तो काही बोलला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं. भांडला असता तर मीही भांडलो असतो, चार लोक मध्ये पडले असते, कुणीतरी चहा केला असता. आमच्यात भांडणच झालं नाही, म्हणून ते मिटलंही नाही. पुढच्या आषाढात मी स्टँडवर गेलो. पिशोरची गाडी आली, माणसं उतरली, ड्रायव्हरच्या पायाशी काही नव्हतं. पोती येत राहिली, लग्नाच्या पत्रिका येत राहिल्या, फोनवर खुशाली चालू राहिली. फक्त पिशवी आली नाही. येणार कुठून? वाघाटी होती कुठं? मनाला असं समजावायचं आणि तरी पुढच्या वर्षी पुन्हा स्टँडवर जायचं, असं मी पाच आषाढ केलं. शोभाला सांगायचो, पाय मोकळे करून येतो. पाय मोकळे करायला एस. टी. स्टँडवर कोण जातं हो? पण तिनं कधी विचारलं नाही.

शेवटी ती बाटली मी झाकण लावून माळ्यावर टाकली. अळ्यांनी पोटभर खाल्लं. एकेक अळी जागा बघून, कमरेला रेशमाचा धागा बांधून कोषात थिजली, आणि आठवड्याभरात भिंतीवर, गजावर, शोभाच्या कपडे वाळत घालायच्या दोरीवर पांढऱ्या ओले पंख सुकवत बसल्या. अठ्ठावीसांतल्या किती तगल्या? अकरा. बाकीच्या पाखरांनी, गांधीलमाश्यांनी नेल्या. वेल जवळपास उघडा पडला होता, पण सातही वाघाटी धरून होती. थोडी सुरकुतलेली, पण भरलेली.

संध्याकाळी फोनवर शोभाला ती दाखवली.

"एकट्यासाठी सात काय करणार?" ती म्हणाली.

"हेच मोजतोय."

"मोजू नका. तोडा आणि पिशोरला घेऊन जा."

"दादा काय म्हणेल?"

"ते काही म्हणत नाहीत, हेच तर तुमचं दुखणं आहे ना?" ती म्हणाली. नातवानं लाल बटण दाबलं.

एकादशीच्या दुपारी मी पिशोरच्या गाडीत बसलो. पिशवी पायाशी ठेवली, तोंड सुतळीनं बांधलं. सात फळांचं वजन ते काय, पण मी वाटभर दोन्ही पावलांत ती धरून ठेवली. पिशोरला उतरलो तर बाजारपेठेत फराळाची गर्दी. घर तेच, पत्रे नवे. वहिनी दारात तांदूळ निवडत होती. केस पांढरे झाले होते. मला बघून तिनं पदर सारखा केला, तांब्या आणून दिला. मी पिशवी पुढे केली. तिनं सुतळी सोडली, एक फळ हातात घेऊन बोटानं दाबून बघितलं.

"कुठलं म्हणायचं हे?"

"उस्मानपुऱ्याचं. तुम्ही बांधून दिलेल्या पिशवीतल्या बिया होत्या, त्यांतली एक रुजली."

वहिनीनं ते फळ उलटसुलट फिरवलं. "म्हंजी आपल्याच कुंपणाचं हाय," ती म्हणाली. मग डोळ्याला पदर लावला आणि लगेच, रागावल्यासारखं, "जा, शेतात हाइत ते. डोळ्यांत पडदा आलाय, आपरेशन करा म्हणलं तर ऐकत नायत. दिवसभर तिथं बसू राह्यलेत."

मी शेतात गेलो आणि वाटेतच थांबलो. जिथं सब साफ केलं होतं तिथं वाघाटी उभी होती. डोक्याएवढी उंच, गच्च, काटेरी. जेसीबीनं वरचं उपटलं होतं, खालचं त्याच्या दातांना सापडलं नव्हतं. मुळ्या दादाच्या बाजूनं फुटल्या होत्या आणि दादानं आपला नांगर दोन तासं, म्हणजे नांगराच्या दोन ओळी, मागे घेतला होता. त्याच्या जमिनीतली ती पट्टी पडीक होती, वेलासाठी सोडलेली. वेल मात्र दोन्ही बाजूंना पसरला होता.

दादा बांधावर बसला होता, काठी मांडीवर आडवी.

"कोण?"

"मी, दादा."

"ये." जणू मी सकाळीच गेलो होतो.

"हे पुन्हा आलं?" मी विचारलं.

"व्हय. मुळ्या काय मोजणीला बसत्यात?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "तिसऱ्या सालापस्नं वाघाटं धरू राह्यलीत. तुझी वहिनी दर साली पिशवी बांधती. मी म्हणतो, राहू दे. त्याला आवडायचं नाय. वाकडं हाय कुंपण."

तीन वर्षं पिशवी बांधली जात होती आणि मी स्टँडवर उभा होतो. मधे फक्त चाळीस-पन्नास किलोमीटर रस्ता आणि आम्हा दोघांची गप्प बसायची खोड. तेवढ्यात ढगांतून ऊन आलं आणि पांढऱ्या निघाल्या. पाच, दहा, मग मी मोजायचं सोडलं. कमरेएवढ्या उंचीवरून, वेलाच्या वळणाबरोबर वळत.

दादानं मान वर केली. त्याला त्या दिसत नव्हत्या, पण अंगावर आलेल्या उन्हावरनं त्याला समजलं असावं.

"आल्या का रं पांढऱ्या?"

"आल्या."

"लई हाइत?"

"लई हाइत."

तो काठीनं समोर, अंदाजानं दाखवत म्हणाला, "कुणाच्या हद्दीतनं चालल्यात? तू मोजणीतला माणूस. बघून सांग."

मी बघितलं. वेलाच्या आत, पानांमधून, चुना लावलेलं दगडाचं टोक मला स्वच्छ दिसत होतं.

"दगडच दिसंना, दादा," मी म्हणालो.

"बरं झालं," दादा म्हणाला, आणि मला बसायला जागा व्हावी म्हणून थोडा सरकला.